नागपूरहून सातपुड्यातल्या तलावांची रोड ट्रिप: महिना, वेळ, रस्ता, मुक्काम, सगळं कसं आखायचं

सातपुड्यातले तलाव गाडीने फिरायचे ठरलं की पहिले कॅलेंडर काढा, नकाशा नंतर. आपल्या भागातले बहुतेक मोठे तलाव म्हणजे धरणाने अडवलेलं पाणी आहे, बर्फ वितळून भरणारे नाहीत, त्यामुळे तवा धरण सप्टेंबरच्या शेवटी समुद्रासारखं दिसतं आणि मे महिन्यात त्याच जागी भेगाळलेला गाळ असतो आणि मधे कुठेतरी पाण्याची पट्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोट्ट्यांना घेऊन एवढ्या लांब जायचं आणि "इथे तर काहीच नाही" म्हणत परतायचं, असं दरवर्षी कितीतरी घरांचं होतं, आणि दोष तलावाचा नसतो, महिना चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, ती म्हणजे घड्याळ. तलाव बघायचा तर सकाळी सूर्य उगवताना नाहीतर संध्याकाळी मावळायच्या तासभर आधी. दुपारी बारा वाजता कितीही सुंदर तलाव असो, पांढरी चमक डोळ्यात जाते, वारा सुटून पाणी हलत असतं, पक्षी सावलीला गेलेले असतात आणि फोटोत फक्त फिकट आभाळ येतं. म्हणून ही अख्खी ट्रिप मी एकाच नियमावर आखतो: सकाळ-संध्याकाळ पाण्याजवळ, दुपार रस्त्यावर. रोजचं अंतर, निघायची वेळ, हॉटेल कुठे घ्यायचं, हे सगळं या एका नियमातून आपोआप ठरतं.

आता खाली जी ट्रिप सांगतोय ती सहा दिवस, पाच रात्रींची आहे. नागपूर, रामटेक-खिंडसी, सिवनी, चौरई-माचागोरा, छिंदवाडा, तामिया, पचमढी, मढई, तवा, इटारसी, बैतूल, मुलताई, नागपूर असा गोल. एकदा गेलेला रस्ता फारसा परत लागत नाही, रामटेक-मनसर, पचमढी-मटकुलीचा घाट, धरणांकडे आतबाहेर करायचे छोटे तुकडे आणि शेवटचा नागपूरचा शहरातला भाग सोडला तर. अंतर साधारण ९०० किलोमीटर, आतबाहेर वळणं धरून १००० धरा.

महिना कोणता आणि वार कोणता

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत. कारण साधं आहे, पाऊस संपेपर्यंत धरणं भरलेली असतात, मग रब्बीसाठी कालव्यात पाणी सोडायला सुरुवात होते आणि पातळी हळूहळू उतरत जाते, फेब्रुवारीनंतर ती पटकन खाली जाते. शिवाय मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो. आणि थंडीत बाहेरचे पक्षी येतात, चक्रवाक, पट्टकादंब वगैरे, ते तवा धरण आणि त्याला मिळणाऱ्या देनवा नदीच्या पाण्यावर हमखास दिसतात.

यातही दिवाळीचा आठवडा आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा. त्या दिवसांत अर्धं नागपूर आणि अर्धं भोपाळ पचमढीत असतं, खोलीचे भाव वाढतात, जिप्सी (जंगलात फिरवणारी उघडी जीप) मिळत नाही. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचा आठवडा सगळ्यात चांगला.

पावसाळ्यात जायचं असेल तर तो वेगळा अनुभव आहे, डोंगर हिरवेगार, धबधबे जोरात, आणि तवाचे १३ दरवाजे उघडले की ते पाणी बघायला लोक लांबून येतात. पण मढईची (सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली) सफारी त्या काळात मिळणार नाही, आणि नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस पचमढीचा रस्ता नागद्वारच्या यात्रेचा असतो. आपल्या विदर्भातूनच हजारो लोक जातात, गाड्यांच्या रांगा लागतात. यात्रेलाच जात असाल तर जरूर जा, श्रद्धेची वेगळीच चाल असते ती, पण तलाव बघायला त्या दिवसांत निघू नका. तसंच महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडाच्या महादेवाला गर्दी असते. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार (एकमेकांवर दगड मारायची जुनी प्रथा) असते, त्या दिवशी परतीचा रस्ता पांढुर्ण्यावरून ठेवू नका.

वार महत्त्वाचा आहे, हे बरेच लोक विसरतात. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते. आणि पचमढी शनिवार-रविवार भरलेली असते. या दोन्हीचा हिशेब घातला तर नागपुरातून शनिवारी पहाटे निघायचं. मग पचमढीत रविवारी संध्याकाळी पोचता, तेव्हा वीकेंडवाले उतरत असतात, सोमवार आरामात मिळतो, मंगळवारी मढई, बुधवारी सकाळची सफारी करून दुपारी तवा, गुरुवारी घर. ऑफिसची सुट्टी चार दिवस लागते, ती काढा.

पहिला दिवस: आपल्या नळाच्या पाण्यामागे

पहाटे पाचला घर सोडा. ऑटोमोटिव्ह चौक, कामठी, कन्हान, मनसर आणि तिथून उजवीकडे रामटेक, जेमतेम ५० किलोमीटर. इतक्या पहाटे रस्ता मोकळा असतो. आधी गडावर जा. गड मंदिराच्या तटावरून खाली बघितलं की एका बाजूला अंबाळा तलाव, मंदिरांनी वेढलेला, आणि पलीकडे टेकड्यांच्या मधे खिंडसीचं पाणी पसरलेलं दिसतं. थंडीत सूर्योदय साडेसहाच्या पुढे होतो, म्हणजे तुम्हाला घाई करायची गरज पडत नाही. मग खाली उतरून खिंडसीच्या काठावर तासभर घालवा. ब्रिटिश काळात सूर नदीवर बांधलेलं हे धरण आहे. नागपूरकरांना खिंडसी म्हणजे बोटिंग आणि पार्टी एवढंच माहीत असतं, पण सकाळी लवकर तिथे उभं राहिलात तर हा तलाव किती मोठा आणि किती शांत आहे ते कळतं. वारा पडलेला असतो, आणि थंडीत पाणी हवेपेक्षा गरम असल्यामुळे पाण्यावरून पांढरी वाफ उठत असते, सूर्य वर आला की अर्ध्या तासात ती निघून जाते. म्हणून सकाळ, सकाळ म्हणत होतो.

नाश्ता करून परत मनसर आणि मग महामार्ग ४४. खवासाच्या आसपास पेंचच्या जंगलातून रस्ता जातो, तिथे प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उंच उचललेला आहे, वर गाडी आणि खाली वाघ, हरणं, रानडुकरं. या भागात गाडी थांबवू नका, हॉर्न वाजवू नका. पुढे कुरई आणि मग सिवनी. सिवनीवरून छिंदवाड्याचा रस्ता घ्यायचा, मधे चौरई लागतं, तिथून आत माचागोरा धरण.

हे धरण मुद्दाम घ्या, आणि काहून ते सांगतो. नागपूरच्या पेपरमध्ये उन्हाळ्यात जे "चौराई धरण" वाचता ते हेच. पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, माचागोऱ्याला अडते, मग जंगलातल्या तोतलाडोहात, तिथून खाली पारशिवनीजवळ नवेगाव खैरीला आणि तिथून आपल्या नागपुरात नळाला. वरती पाणी अडलं की खाली तोतलाडोहात कमी येतं, त्यावरून दोन राज्यांत बोलणी चालतात. आपण सकाळी तोंड धुतलं ते पाणी कुठून आलं हे डोळ्याने बघायला मिळतं, आणि मुलं सोबत असतील तर त्यांना नकाशावर बोट फिरवत हे नक्की दाखवा, शाळेतल्या भूगोलापेक्षा जास्त लक्षात राहील. तोतलाडोह मात्र व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे, उठून गाडी घेऊन तिथे जाता येत नाही, तो नाद सोडा.

माचागोऱ्याला चारच्या आसपास पोचायचं. खाण्यापिण्याच्या सोयीवर भरवसा ठेवू नका, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात काहीतरी असू द्या. सूर्य मावळायला लागला की निघा, थंडीत साडेपाच-पावणेसहालाच मावळतो, अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्यावर यायचं. मुक्काम छिंदवाड्यात. शहर मोठं आहे, हॉटेलची अडचण नाही, आधी बुक न करता गेलात तरी चालतं.

दुसरा दिवस: तामियावरून पचमढी

छिंदवाड्यात टाकी फुल करून घ्या. आज अंतर फक्त १३५-१४० किलोमीटर आहे पण पाच-सहा तासांच्या खाली धरू नका, घाटात तासाला ३०-३५ च्या वर सरासरी पडत नाही आणि पडायलाही नको. परासियाच्या कोळसा खाणींचा भाग ओलांडला की जंगल सुरू होतं, मग तामिया. तामियाच्या जुन्या विश्रामगृहाच्या बाजूने खाली जी दरी दिसते ती बघायला दहा मिनिटं म्हणून थांबाल आणि तासभर जाईल.

पाताळकोट इथून जवळ. आज तलाव नाही, पण हा थांबा सोडू नका. खाली खोल दरीत भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत, दुधी नदी मधून वाहते. वरच्या व्ह्यू पॉइंटवरून बघा, आणि खाली उतरायचं असेल तर गावातला माणूस सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे द्या. लोकांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कोणी मध, कुटकी, जडीबुटी विकत असेल तर कुटकी (बारीक भरडधान्य) जरूर घ्या, तिचा भात छान होतो, जडीबुटी मात्र स्वतःच्या मनाने खाऊ नका.

तामियाहून देलाखारी, मटकुली आणि मग पचमढीचा घाट. देलाखारीच्या पट्ट्यात मोबाईलला रेंज येत-जात राहते, म्हणून छिंदवाड्यातच मॅप ऑफलाईन डाउनलोड करून ठेवायचा. गूगल मॅप कधी कधी गावातला अरुंद रस्ता जवळचा म्हणून दाखवतो, त्याच्या नादी न लागता परासिया-तामिया-देलाखारी-मटकुली हा क्रम कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा.

या प्रवासात एक गोष्ट घडते जी रस्त्यावर कुठे लिहिलेली नाही. काल जे पाणी बघितलं ते पेंच, कन्हान, वैनगंगा करत गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. आज ज्या डोंगरात शिरता तिथलं पाणी देनवा, तवा करत नर्मदेला आणि अरबी समुद्राला. म्हणजे छिंदवाडा आणि पचमढीच्या मधे कुठेतरी तुम्ही देशाच्या दोन बाजूंमधली सीमा ओलांडता. जंगलही बदलतं, खालच्या सागवानातून वर पचमढीला गेलं की सालाची झाडं सुरू होतात.

घाटात गाडी कशी चालवायची, आणि गाडीची तयारी

इथे थोडं थांबून सांगतो, कारण नागपूरकर सपाट रस्त्यावर शिकलेले असतात आणि घाटात उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी आणतात. तसं केलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग ऐनवेळी ते नीट लागत नाहीत. नियम सोपा आहे, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसरा, कधी तिसरा, इंजिनलाच गाडी धरू द्या आणि ब्रेक थोडा थोडा मारून सोडा. न्यूट्रल कधीच नाही, डिझेल-पेट्रोल वाचत नाही आणि जीव धोक्यात येतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड कसा लागतो ते घरीच शिकून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न, रात्री वळणावर डिपर. वास आलाच तर सुरक्षित जागा बघून गाडी उभी करा आणि पंधरा-वीस मिनिटं ब्रेक आपोआप थंड होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका.

या रूटला मोठी एसयूव्ही लागत नाही, साधी हॅचबॅक व्यवस्थित जाते. निघायच्या आठ दिवस आधी ब्रेक पॅड, कूलंट, वायपर, हेडलाइट, बॅटरी तपासून घ्या, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ राहतो. निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करू नका. स्टेपनीत हवा आहे का बघा आणि जॅक, पाना गाडीत आहे याची खात्री करून घ्या, जुन्या गाडीत तो हमखास गायब असतो. पीयूसी, इन्शुरन्स, आरसी फोनमध्ये आणि कागदावर दोन्ही. फास्टॅगमध्ये पैसे. आपली स्वतःची पांढऱ्या पाटीची एमएच गाडी मध्य प्रदेशात न्यायला वेगळं काही लागत नाही, पण पिवळ्या पाटीची टॅक्सी करून जात असाल तर परमिट आणि टॅक्स कोण भरणार हे बोलणी करतानाच ठरवून घ्या, बॉर्डरवर वाद नको.

आणि अंधार पडल्यावर चालवायचं नाही. रस्त्यावर बसलेली गुरं, मधेच येणारी रोही, दिवे नसलेली ट्रॉली, थंडीत पहाटेचं धुकं, सगळं एकाच वेळी येतं. अख्खं वेळापत्रक असं लावलं आहे की एकाही दिवशी रात्री घाटात असणार नाही.

तिसरा दिवस: पचमढी

पचमढी समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या थोडी वर. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा उन्हाळ्यात सरकार इथे यायचं, म्हणून इथल्या जुन्या बंगल्यांना बघताना आपल्या सिव्हिल लाइन्सची आठवण येते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही जातो, नागपूरच्या स्वेटरवर भागत नाही, जॅकेट, टोपी, हातमोजे घ्या.

गावातला पचमढी तलाव छोटा आहे, गर्दी असते, पण सकाळी सातला एक चक्कर मारली तर चांगला वाटतो. खरं पाणी इथे डोंगरात आहे, बी फॉल, अप्सरा विहारचा डोह, रजत प्रपात. बी फॉल, धूपगडसारख्या पॉइंटला आपली गाडी चालत नाही, वनविभागाची परवानगी आणि जिप्सी लागते. म्हणून सकाळी पहिलं काम परवानगीचं, ओळखपत्र सोबत ठेवा. भाव आधी ठरवा आणि कोणते पॉइंट त्यात आहेत ते एकेक नाव घेऊन विचारा, "सब दिखा देंगे" वर विश्वास टाकू नका. जटाशंकर आणि पांडव गुंफा जवळ आहेत, त्यात दुपार घालवा.

संध्याकाळ धूपगडासाठी राखून ठेवा. १३५० मीटर उंच, सातपुड्यातलं आणि मध्य प्रदेशातलंही सगळ्यात उंच ठिकाण. सूर्यास्ताला गर्दी असते, तरी जागा पुष्कळ आहे. सूर्य गेला की बहुतेक लोक लगेच जिप्सीकडे धावतात, तुम्ही पंधरा मिनिटं जास्त थांबा, एकामागे एक डोंगरांच्या रांगा निळ्या होत जातात, ते बघण्यासारखं आहे. जिप्सीवाल्याला हे आधीच सांगून ठेवा.

चौथा आणि पाचवा दिवस: देनवा आणि तवा

या ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा आहे आणि म्हणूनच इथे दोन दिवस ठेवलेत. बरेच लोक पचमढीवरूनच परत फिरतात, डोंगर बघतात आणि त्या डोंगराचं पाणी जिथे जमा होतं तेच बघत नाहीत.

पचमढीहून आरामात नाश्ता करून निघा, घाट उतरून पिपरिया, मग सोहागपूर, तिथून आत मढई. साधारण १०० किलोमीटर. पिपरियाच्या बाजारात तूरडाळ घ्यायची असेल तर घ्या, या भागातली डाळ नावाजलेली आहे.

मढई म्हणजे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं दार. तवा धरणाचं पाणी मागे देनवा नदीत शिरतं आणि नदी रुंद होऊन तलावच होते, अलीकडे गाव आणि हॉटेलं, पलीकडे जंगल. जंगलात जायचं तर गाडीने नाही, आधी बोटीने नदी ओलांडायची आणि पलीकडे जिप्सीत बसायचं. सकाळच्या सफारीला अंधारात काठावर जाऊन उभं राहायचं, हात खिशात, बोटीच्या पत्र्यावर दव साचलेलं असतं, त्यावर बसायचं म्हणून प्रत्येक जण रुमालाने पुसतो. बोट सुटली की पाण्यात उभे असलेले वाळके बुंधे दिसायला लागतात, धरण भरलं तेव्हा बुडालेल्या झाडांचे, आणि प्रत्येक बुंध्यावर एखादा पाणकावळा पंख पसरून पहिल्या उन्हाची वाट बघत बसलेला. वाघ दिसेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. गवे आणि अस्वल दिसायची शक्यता इथे बरी आहे. मला विचाराल तर जिप्सी सफारी एक आणि नुसती बोटीची फेरी एक, असं करा. मंगळवारी दुपारी बोट, बुधवारी सकाळी जिप्सी. बोटीतून पाणमांजरं, मगरी, काठावर पाणी प्यायला आलेली सांबरं बघायला मिळू शकतात. दुर्बीण असेल तर न विसरता घ्या, नसेल तर कोणाकडून मागून घ्या.

सफारीचं बुकिंग एमपी ऑनलाईनच्या वनविभागाच्या साइटवर आधी करायचं, ज्याच्या नावावर तिकीट त्याचंच ओळखपत्र न्यायचं. राहायला मध्य प्रदेश टुरिझमचं बायसन रिसॉर्ट काठाजवळ आहे, खाजगी पर्यायही आहेत. पूर्ण ट्रिपमध्ये आधी बुक करायच्या गोष्टी तीनच: मढईची सफारी, मढईची खोली आणि पचमढीची खोली. क्रमही हाच ठेवा, पहिले सफारीची तारीख मिळते का बघा, मग त्यावरून बाकी ट्रिप पुढे-मागे सरकवा.

बुधवारी सफारीवरून साडेदहा-अकरापर्यंत परत येता, आंघोळ-जेवण करून निघा, सोहागपूर, माखननगर करत इटारसीच्या बाजूने तवानगर. माखननगर म्हणजे जुनं बाबई, कवी माखनलाल चतुर्वेदींचं जन्मगाव.

तवा धरण १९५८ ला सुरू होऊन १९७८ ला पूर्ण झालं. तवा आणि देनवा या दोन नद्यांचं पाणी इथे एकत्र अडवलं आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये या जलाशयाला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे पाणथळ जागा म्हणून जगाच्या पातळीवर नोंद झाली. काठावर टुरिझमचं रिसॉर्ट आहे, तिथे संध्याकाळी बसलं की समोर फक्त पाणी आणि लांब सातपुड्याची रेघ. तलाव बघताना एवढं लक्षात असू द्या की या पाण्याखाली आदिवासींची गावं गेलेली आहेत. विस्थापित झालेल्या त्या लोकांनी लढून १९९६ मध्ये याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला होता, तवा मत्स्य संघ काढून दहा वर्षं तो चांगला चालवला, नंतर तो हक्क गेला. काठावर जुनं माणूस भेटलं आणि बोलायच्या मूडमध्ये असलं तर बसा त्याच्याजवळ.

पाण्यात उतरू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. धरणाच्या तलावात काठ एकदम खोल जातो, खाली गाळ असतो, बुडालेले बुंधे असतात, पाय अडकला की पोहता येणाराही अडकतो. आणि देनवा-तवात मगरी आहेत. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या, लहान मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना बोटीत नेऊ नका. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात दगडांवर जाऊन फोटो काढायचा मोहही टाळा, वरून कधी पाणी सुटेल ते पात्रात उभ्या माणसाला कळत नाही.

सहावा दिवस: बैतूल, मुलताई, घर

सकाळी तवावर सूर्योदय बघून आठपर्यंत निघा, आज सगळ्यात जास्त गाडी चालवायची आहे, ३०० च्या थोडं वर. इटारसी, केसला, शाहपूर, बरेठा घाट, बैतूल. बरेठ्यात ट्रकच्या मागे अडकायला होतं, ओव्हरटेकची घाई करू नका, अर्धा तास जास्त धरून चाला.

बैतूलनंतर मुलताईला थांबायचंच. गावाच्या मधोमध तापीचा तलाव आहे, तापीचा उगम म्हणून लोक इथे आंघोळीला, पूजेला येतात. डोंगरातला मोठा देखावा नाही इथे, गावातला साधा घाट बांधलेला तलाव आहे, पण या ट्रिपचा शेवटचा तलाव म्हणून याहून योग्य दुसरा नाही. तापी इथून पश्चिमेला सुरतेकडे जाते, आणि याच मुलताई तालुक्यात वर्धा नदीही उगम पावते, ती आपल्या विदर्भात उतरून गोदावरीच्या बाजूला. भोवती कानावर मराठी पडायला लागते, चहावाला मराठीत बोलतो. पांढुर्ण्याला नोव्हेंबरपासून रस्त्यावर संत्र्याचे ढीग असतात, पेटी घेतली तर मधली दोन-चार संत्री काढून बघून घ्या. पुढे सावनेर आणि नागपूर.

खर्च आणि बॅग

खर्चाचं थोडक्यात. १००० किलोमीटर, गाडीचा अॅव्हरेज १५ असेल तर ६५ ते ७० लिटर इंधन, त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. पाच रात्रींत छिंदवाडा स्वस्त, पचमढीच्या दोन रात्री मध्यम, मढई सगळ्यात महाग. सफारीचा खर्च जिप्सीमागे असतो, म्हणून चार-सहा जण असाल तर परवडतं, दोघंच असाल तर सोबतीला कोणी मिळतं का बघा. हजार-दोन हजार सुट्टे रोख ठेवा, रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

बॅगेत नेहमीच्या औषधांसोबत उलटीची गोळी ठेवा, तामिया-मटकुलीत मागे बसणाऱ्यांना लागते. टॉर्च, थर्मास, पाण्याचा वीस लिटरचा कॅन, आणि कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी. तलावाच्या काठावर चिप्सची पाकिटं आणि बाटल्या दिसल्या की जीव जळतो, आपला कचरा त्या पिशवीत भरून छिंदवाड्याला नाहीतर इटारसीला टाका.

सहा दिवस जमत नसतील तर दोन दिवसांत पण होतं: पहिला दिवस वर सांगितला तसाच, रात्री छिंदवाडा, दुसऱ्या दिवशी सिल्लेवानी घाट उतरून सौंसर, जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन, आणि दुपारच्या जेवणाला नागपूर. चार दिवस असतील तर पचमढी करून तामियावरूनच परत या, पण मग मढई-तवा वेगळी ट्रिप म्हणून डोक्यात ठेवा, ती इटारसीच्या बाजूने तीन दिवसांत आरामात होते.